बॅग बाजूला का जाते: मुंबई विमानतळावरची सुरक्षा तपासणी

मुंबई विमानतळावर तपासणीच्या रांगेत दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. बेल्टच्या पलीकडून येणारं "ये बैग किसका है?" आणि त्यावर अलीकडून येणारं "मागच्या वेळी तर सोडलं होतं!" दुसऱ्या वाक्यातला वैताग खरा असतो, पण त्याचं कारण बहुतेकजण भलतीकडेच शोधतात. बंदी असलेली वस्तू निघाली म्हणून अडणाऱ्या बॅगा असतातच, पण आत नेमकं काय आहे ते पडद्यावर उलगडलं नाही म्हणून अडणाऱ्याही काही कमी नसतात. बॅग तीच, सामान तेच. मागच्या वेळी चार्जर वरच्या कप्प्यात होता, या वेळी लाडवांच्या डब्याखाली गेला. पडद्यापुढे बसलेल्या माणसाला ही दोन अगदी वेगळी चित्रं दिसतात.

म्हणून बॅग भरताना "हे नेता येतं का?" एवढंच विचारून भागत नाही. "हे कशाच्या खाली येतंय?" हेही बघावं लागतं.

चिडायचं तर निदान योग्य माणसावर चिडावं, म्हणून कोण काय करतं ते आधी सांगतो. गेटवर आणि तपासणीला उभे असतात ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे जवान. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ विमानाचं अपहरण झालं, त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून या दलाकडे येत गेली. सुरुवात २००० साली जयपूरपासून झाली. पण काय न्यायचं आणि काय नाही, हे सीआयएसएफ ठरवत नाही. ते नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे, ज्याला सगळे बीकॅस म्हणतात. बॅगेचं वजन, बॅटरीची परवानगी, बंद होणारे काउंटर हे विमान कंपनीच्या हातात. आणि यंत्रं, ट्रे, रांगांच्या पट्ट्या, किती लेन चालू ठेवायला जागा आहे, हे सगळं विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे. ट्रे संपले म्हणून जवानाशी हुज्जत घालण्यात काहीच हशील नसतं. त्याच्याही हातात ते नसतं. बाकी या सगळ्याचे पैसे आपण भरतोच. तिकिटाच्या फोडीत "एव्हिएशन सिक्युरिटी फी" अशी ओळ असते. एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवासाला ती २०० रुपये झाली. तेव्हा नीट वागणुकीची अपेक्षा ठेवणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

पहिला अडथळा गेटवरच येतो. मुंबईत आधी टर्मिनल पाहायचं. टी-१ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, टी-२ सहारला. एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडून सुटू शकतात, त्यामुळे "मागच्या वेळी इथूनच गेलो होतो" हा आधार घेऊ नये. तिकिटावर छापलेलं टर्मिनल वाचावं. मेट्रो ३ ने येणाऱ्यांनी तर जास्तच, कारण दोन्ही टर्मिनलना स्वतंत्र स्टेशन आहे आणि चुकीच्या ठिकाणी उतरलं की पुन्हा फिरून यावं लागतं.

गेटवर तिकीट आणि मूळ फोटो ओळखपत्र लागतं. इथे मराठी माणसाची एक खास गोची होते. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. तिकिटावर ट्रॅव्हल एजंटने आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव घातलेलं. किंवा तिकीट सासरच्या आडनावाने आणि ओळखपत्र माहेरच्या. क्रम मागेपुढे असेल तर सहसा सोडतात. आडनावच वेगळं असेल तर रांगेतून बाहेर काढून विमान कंपनीच्या खिडकीवर पाठवतात, आणि तिथे दुरुस्ती होईपर्यंत आत जाता येत नाही. हे घरी बसून फोनवर निस्तरता येतं. गेटवर ते निस्तरायला घाम फुटतो.

डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जायची सोय, मुंबईत २०२३ पासून चालू आहे आणि देशांतर्गत प्रवासापुरती खरोखर कामाची आहे. ॲपमध्ये आधारने एकदा नोंदणी करायची, मग प्रत्येक प्रवासाला वेब चेक-इन करून बोर्डिंग पास ॲपमध्ये चढवायचा. हा दुसरा टप्पा लोक विसरतात. चेहरा नोंदवलेला आहे, पण आजचा पास चढवलेला नाही, म्हणजे दार उघडत नाही, आणि मागच्यांचे उसासे ऐकत साध्या रांगेत यावं लागतं. आणखी एक गैरसमज: डिजियात्रेने कागदपत्रांची रांग टळते, झडती टळत नाही. परदेशी जाणाऱ्यांसाठी जानेवारी २०२५ पासून मुंबईत जी जलद इमिग्रेशनची सोय आली, तिचंही तेच. ती इमिग्रेशनपुरती. ट्रे सगळ्यांना सारखाच.

चेक-इनला दिलेली बॅग नजरेआड झाली की प्रवासी निर्धास्त होतो. इथेच एक मोठा घोळ होतो. ती बॅग बेल्टवरून आत गेल्यावर यंत्रांच्या पायऱ्यांतून जाते. पहिल्या यंत्राला शंका आली तर माणूस चित्र बघतो, त्यालाही उलगडलं नाही तर पुढच्या यंत्रावर, आणि तरीही शंका राहिली तर बॅग उघडायला मालकाला बोलावतात. हे बोलावणं येतं तेव्हा आपण बहुतेक वेळा सुरक्षा तपासणी आटोपून आत इडली खात असतो. मग कंपनीचा माणूस उलट्या दिशेने बाहेर नेतो, बॅग समोर उघडायला लावतो, वस्तू काढायची, पुन्हा आत यायचं आणि सगळी तपासणी पहिल्यापासून. अर्धा तास सहज जातो. किल्ली ज्याच्याकडे आहे तो नवरा वेगळ्या रांगेत असेल तर त्याहून जास्त.

बोलावणं येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पॉवर बँक. सुटी लिथियम बॅटरी कुठलीही असो, ती हातातल्या बॅगेतच न्यायची, कारण सामानाच्या पोटात पेटली तर तिथे विझवायला कोणी नसतं. केबिनमध्ये निदान धूर दिसतो. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते आणि बाहेर छापलेलं असतं मिलीॲम्पिअर-अवर, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. हिशोब सोपा आहे. एमएएच भागिले १०००, गुणिले ३.७. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची. १०० पर्यंत विचारायची गरज नाही. १०० ते १६० ला कंपनीची परवानगी हवी, आणि ३०,००० ची पॉवर बँक १११ वर जाते, म्हणजे या पट्ट्यात येते. १६० च्या वर कुठेच नाही. आणि अंकच पुसले गेले असतील, किंवा रस्त्यावरून घेतलेल्या स्वस्त मालावर काही छापलेलंच नसेल, तर जवान ती काढून ठेवू शकतो. खरी क्षमता सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं.

दुसरं कारण पूजेचं सामान, आणि हे गणपतीच्या दिवसांत ठरलेलं. कापूर, काडेपेटी, सुकं खोबरं. तिन्ही वस्तू एका पिशवीत, आणि तिन्हींना हातातही बंदी, चेक-इनमध्येही बंदी. काडेपेटीचं सगळ्यांना पटतं. कापूर हा पेट घेणारा घन पदार्थ आहे हेही सांगितलं की पटतं. वाद होतो तो खोबऱ्याच्या वाटीवरून. पण सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ढिगात बंद राहिलं की ते आपोआप तापत जातं. जगभरच्या विमान कंपन्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत ते "आपोआप तापणारा पदार्थ" म्हणून आहे. शेंडीसकट अख्खा नारळ चेक-इनमध्ये चालतो. हातातल्या बॅगेत तो चालत नाही. २०२४ च्या हंगामात शबरीमलेला जाणाऱ्यांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेऊ दिला, तो मुदतीपुरता अपवाद होता. लायटरही दोन्हीकडे मना. ई-सिगारेट तर २०१९ च्या कायद्याने देशातच बंद आहे.

ट्रेकवाल्यांनी स्टोव्हचं गॅसचं डबडं कुठल्याच बॅगेत घालू नये, अर्धं रिकामं असलं तरी. काठ्या आणि चाकू चेक-इनमध्ये. उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेश पाठवणारं यंत्र परदेशातून कोणी भेट दिलं असेल तर ते घरीच ठेवावं. भारतात ते परवान्याशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे. आणि कोणाच्या किल्लीच्या जुडग्यात शोभेचं काडतूस लटकत असेल तर ते आजच काढून टाका. रिकामं निघालं तरी चौकशीत विमान जातं, जिवंत निघालं तर प्रकरण थेट पोलिसांकडे.

आता मुख्य रांग. टी-२ ला परदेशी जाताना आधी इमिग्रेशन आणि मग झडती. देशांतर्गतला बोर्डिंग पास दाखवून थेट झडती.

एक्स-रेच्या पडद्यावर बॅग रंगीत दिसते, पण ते रंग सामानाचे नसतात. यंत्र दोन ऊर्जांचे किरण सोडतं आणि वस्तू कशाची बनली आहे त्याप्रमाणे रंग देतं. अन्न, कापड, कागद, साबण, पाणी, प्लास्टिक, हे सगळं नारिंगी. धातू निळे. मधले पदार्थ आणि एकमेकांवर आलेली सरमिसळ हिरवी. आणि किरण ज्यातून पारच जात नाहीत ते काळं. पडद्यापुढच्या माणसाला एका बॅगेसाठी मोजके सेकंद असतात. स्फोटकंही सेंद्रिय असतात, म्हणजे तीही नारिंगी. दाट, एकसारखा नारिंगी ठोकळा आणि त्याच्या शेजारी वायरींचं भेंडोळं आणि बॅटरी, हे चित्र त्याने सोडूच नये असं त्याला शिकवलेलं असतं. डिंकाच्या लाडवांचा डबा, त्यावर टाकलेला लॅपटॉपचा चार्जर आणि कोपऱ्यात पॉवर बँक. नेमकं हेच चित्र तयार होतं. लाडवांवर कुठलीही बंदी नाही. पण बॅग बाजूला जाणार.

काळ्या ठिपक्यांचं तसंच. तांब्याची बाटली, पितळी गणपती, समई, जाड स्टीलचा डबा. धातू बंदीत नाही. त्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही, ही अडचण. समई सुटी करून, प्रत्येक भाग आडवा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवली तर एकदा काढून दाखवली की काम होतं. कपड्यांच्या मधोमध दडपली तर अख्खी बॅग उपसावी लागते. आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता मात्र पातं म्हणूनच मोजला जातो. तो, किसणी, विळी, खलबत्त्यातला बत्ता, हे सगळं चेक-इनमध्ये. मुलांच्या बॅगेतली टिकल्यांची बंदूक हातात नको आणि टिकल्या कुठेच नकोत.

या चित्रांमध्ये यंत्र मधूनच एखादं खोटं चित्रही घालतं. खऱ्या बॅगेवर बंदुकीची किंवा स्फोटकाची प्रतिमा डकवून ते बघतं की समोरचा माणूस जागा आहे का. त्याने बटण दाबलं की ती प्रतिमा नाहीशी होते. बेल्ट विनाकारण थांबून मागेपुढे झाला तर दर वेळी कोणाच्या बॅगेत काही सापडलेलं असतं असं नाही. तासन्तास एकाच माणसाने पडदा बघायचा नसतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलतात. त्या बदलातही लेन क्षणभर थांबते. आणि माणूस बदलला की नजर बदलते. "मागच्या वेळी सोडलं होतं" याचं निम्मं उत्तर इथे आहे.

ट्रेमध्ये काय काढून ठेवायचं: लॅपटॉप, टॅबलेट, कॅमेरा, पॉवर बँक, चार्जर. लॅपटॉप एका ट्रेमध्ये एकटा, त्याच्यावर काही नाही. त्याच्या बॅटरीने आणि सर्किटने खालचं सगळं झाकलं जातं, म्हणून तर तो बाहेर काढायला लावतात. बाहेर काढून त्याच्यावरच जॅकेट टाकलं तर काय उपयोग? मोबाइल, पाकीट, घड्याळ, पट्टा, नाणी, किल्ल्या हे ट्रेमध्ये सुटं टाकायची आपल्याकडे सवय आहे, आणि वस्तू हरवतात त्या इथेच. रांगेत लागण्याआधीच हे सगळं बॅगेच्या वरच्या चेनच्या कप्प्यात घालावं. ट्रे कमी लागतात, आणि पलीकडे पट्टा बांधत असताना कोणी घड्याळ उचललं का याची धास्ती राहत नाही. छत्री बाहेर काढून ठेवायला सांगतात, पावसाळ्यात ती ओली असते आणि पुढच्याचा लॅपटॉप त्याच ट्रेमध्ये येतो. ट्रे हातात घेतल्यावर एकदा पुसून घेतलेला बरा.

वेळ इथे खरा कशात जातो? माणूस दारातून जायला आणि झडतीला मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. पण ट्रेपुढे येईपर्यंत काही न काढलेला प्रवासी तिथेच उभा राहून लॅपटॉप शोधतो, मग बॅग परत उघडून पॉवर बँक काढतो, मग पलीकडून "लॅपटॉप निकाला?" विचारल्यावर दुसरा लॅपटॉपही आहे हे त्याला आठवतं. बाजूला काढलेल्या बॅगांचं टेबल तर सगळ्यात हळू. तिथे एक माणूस, एक टेबल आणि रांगेत सात-आठ बॅगा. प्रत्येक बॅग उघडायची, वस्तू काढायची, आणि बऱ्याचदा पुन्हा यंत्रातून पाठवायची. सकाळी सहा ते नऊच्या गर्दीत या टेबलापुढे वीस मिनिटं जाणं काही विशेष नाही. म्हणूनच सगळा खटाटोप त्या टेबलावर जायचं टाळण्यासाठी.

तिथे कधी कापडाची छोटी पट्टी बॅगेवर, हँडलवर, हातांवर फिरवून यंत्रात घालतात. ती स्फोटकांचे कण शोधते. ग्लिसरीन असलेलं हाताचं क्रीम, शेतात खत हाताळलेले हात, हृदयविकाराच्या काही गोळ्यांतलं नायट्रोग्लिसरीन, यांनीही ते यंत्र वाजू शकतं. घाबरायचं नाही, काय लावलंय, कुठलं औषध चालू आहे ते सरळ सांगायचं. पुन्हा पट्टी फिरवतात, बॅग उघडून बघतात आणि सोडतात. फक्त थट्टा करू नये. "बॉम्ब आहे बॅगेत" हे वाक्य कितीही हसत म्हटलं तरी म्हणणाऱ्याची रवानगी सहार पोलिस ठाण्यात होऊ शकते, आणि विमान तर जातंच.

द्रव पदार्थांचा नियम परदेशी जाताना कडक. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, त्यातून १०० मिलिलीटरची मर्यादा आली. ही मर्यादा डब्याची आहे, आतल्या मालाची नाही. १५० मिलिलीटरच्या ट्यूबमध्ये तळाला उरलेली चार बोटं पेस्टही जात नाही. सगळ्या छोट्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, झिप असलेल्या एकाच पिशवीत. श्रीखंड, आमरस, आगळ, तूप, तेल सुटलेलं लोणचं, हे सगळं द्रवातच धरतात. हापूसची पेटी ही अडचण नाही, आमरसाचा डबा आहे. ही मंडळी पक्की सील करून चेक-इनमध्ये टाकावीत, दोन प्लास्टिक पिशव्या आणि वर टॉवेल, कारण फुटलं तर नुसते कपडेच जात नाहीत, बॅगेचा वास पुढच्या तीन प्रवासांना पुरतो. बाळाचं दूध, पातळ औषधं यांना १०० ची अट सोडतात, पण प्रवासाला लागेल तेवढंच, औषधाला चिठ्ठी हवी, आणि हे सगळं ट्रेमध्ये वेगळं काढून आधी सांगायचं. देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली सहसा जाऊ देतात. परदेशीला बाटली रिकामी न्यायची आणि आत नळावर भरायची.

लाल तिखट आणि मसाल्याच्या पुड्या हातात नेऊ नयेत; डोळ्यांत फेकता येण्यासारखी कुठलीही पूड केबिनमध्ये नको, हा त्यामागचा साधा विचार. अमेरिकेला थेट जाणाऱ्यांना आणखी एक नियम लागतो: २०१८ पासून, हातातल्या बॅगेत ३५० मिलिलीटरपेक्षा जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासतात आणि काय आहे ते ठरवता आलं नाही तर काढून ठेवतात. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आयांच्या बॅगेत मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ असं सहज दोन-तीन किलो असतं. सगळं चेक-इनमध्ये, आणि पुडीवर नाव लिहून. अशा विमानांना गेटजवळ दुसऱ्यांदाही बॅगा बघतात, त्यामुळे पहिल्या तपासणीतून सुटलं म्हणजे सुटलं असं नाही.

धातूच्या दाराबद्दल एक समज फार घट्ट आहे: सोनं चुंबकाला चिकटत नाही, म्हणून वाजत नाही. हे दार चुंबकाचं नाही. ते बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं, आणि वीज वाहून नेणाऱ्या कुठल्याही धातूत त्याने विजेचे भोवरे उठतात. सोनं तर उत्तम वाहक. मंगळसूत्र, पाटल्या, चांदीचे पैंजण, साडीच्या डझनभर पिना, बुटाच्या तळातली पोलादी पट्टी, सगळ्यांची नोंद होते. तरी दागिने काढून ट्रेमध्ये ठेवायच्या भरीस पडू नये. आपल्याकडे दार वाजो न वाजो, हातातल्या यंत्राने आणि हाताने झडती होतेच, त्यामुळे अंगावर राहिलेले दागिने तिथे बघून घेतात. काढायचेच असतील तर घरूनच बॅगेत.

बायकांची झडती पडद्याआड, महिला जवानच घेतात. हे योग्यच आहे, पण तिथल्या रांगेत बऱ्याचदा जास्त वेळ जातो, आणि तोवर ट्रे पलीकडे जाऊन कोणाच्याही हाताशी पडून असतो. याची तक्रार बायका वर्षानुवर्षं करत आल्या आहेत आणि ती रास्त आहे. तोपर्यंत उपाय एवढाच: झडतीच्या रांगेत आपल्यापुढे एक-दोघीच उरल्या की मग बॅग बेल्टवर सोडायची, मागचा घाई करत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यायचं. कुटुंब असेल तर एकाने आधी पलीकडे जाऊन ट्रे सांभाळायचे.

गुडघा बदललेला असेल तर दार वाजणारच. आधी सांगायचं, कागद दाखवायचा, पण कागदाने झडती माफ होत नाही. पेसमेकरवाल्यांनी कार्ड हाताशी ठेवून हातानेच झडती मागावी, आणि हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू नका असं स्पष्ट सांगावं. व्हीलचेअरवरच्या माणसाला उभं राहता येत नसेल तर बसल्या जागी तपासतात. उठून दाखवा असा आग्रह झाला तर तिथल्या अधिकाऱ्याला बोलवायला सांगायचा हक्क आहे.

वस्तू काढून ठेवली तर ती परत मिळेल असं धरून चालू नये. वेळ असेल तर बाहेर जाऊन चेक-इनमध्ये टाकता येते, किंवा सोडायला आलेल्या माणसाच्या हाती देता येते. म्हणून त्याला आपण आत पोचल्याचा फोन येईपर्यंत थांबायला सांगावं. महागडा चाकू किंवा कोणाची आठवण असलेली वस्तू असेल तर हा एकच मार्ग.

टेबलापुढे कोणाचं वागणं खटकलं तर तिथेच आवाज चढवून फायदा नाही. लेनचा क्रमांक, वेळ आणि जवानाच्या छातीवरची नावाची पट्टी लक्षात ठेवायची आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या तक्रारींच्या संकेतस्थळावर लिहायचं, त्याच दिवशी. सीसीटीव्हीचं चित्रण कायमचं ठेवत नाहीत, आणि "गेल्या महिन्यात कधीतरी" अशा तक्रारीचं कोणी काही करू शकत नाही.

१५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या आसपास किंवा सीमेवर तणाव असताना विमानाच्या पायरीपाशी पुन्हा एकदा झडती होते. मे २०२५ मध्ये तर सगळ्याच विमानतळांवर ती सक्तीची झाली होती आणि प्रवाशांना तीन तास आधी यायला सांगत होते. अशा दिवसांत गेट बंद व्हायची वेळ तीच राहते, फक्त तिथे पोचायला जास्त वेळ लागतो.

पलीकडे ट्रे घेतल्यावर बाकावर बसूनच सगळं परत भरावं, आणि रिकाम्या ट्रेच्या तळाशी हात फिरवावा. काळे लॅपटॉप अदलाबदल होतात, म्हणून झाकणावर एखादा भडक स्टिकर असू द्या. काही मागे राहिल्याचं विमानात बसल्यावर लक्षात आलं तरी आशा सोडू नये. जवानांना सापडलेल्या वस्तू नोंद करून विमानतळाच्या हरवले-सापडले विभागात जातात, आणि सीआयएसएफच्या संकेतस्थळावर विमानतळानुसार तारखेची यादी असते. वर्णन, तारीख, लेन आणि बोर्डिंग पासची प्रत दिली की ओळख पटवून वस्तू मिळते. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्याच्या नावे अधिकारपत्र आणि आपल्या ओळखपत्राची प्रत लागते. बोर्डिंग पास म्हणूनच घरी पोचेपर्यंत फोनमधून पुसू नका.